कॉलेजात धर्म शिकायचा म्हणजे नेमकं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रवेशाच्या दिवसांत हे प्रश्न ठरलेले असतात. थोडे विद्यार्थी विचारतात, बरेचसे त्यांचे पालक, आणि काही इतर विषयांचे प्राध्यापक चहाच्या सुट्टीत हळूच विचारतात. लिबरल आर्ट्सच्या, म्हणजे एकाच शाखेत न अडकता अनेक विषय शिकवणाऱ्या पदवीत हा विषय मी बरीच वर्षं शिकवते आहे, त्यामुळे उत्तरं पाठ झाली आहेत. एकदाची लिहून काढते.

धर्म शिकवता म्हणजे धार्मिक शिक्षण देता का?

नाही. एवढा फरक लक्षात आला तर खालचे निम्मे प्रश्न वाचले नाहीत तरी चालेल.

धार्मिक शिक्षणात एखादी परंपरा आपल्याच माणसांना आपली शिकवण देते. काय पाळायचं, प्रार्थना कशी करायची, कशावर विश्वास ठेवायचा. त्यात गैर काही नाही, पण ते काम घराचं, मठाचं, मदरशाचं, ख्रिस्ती धर्मगुरू घडवणाऱ्या सेमिनरीचं. कॉलेजात धर्म हा अभ्यासाचा विषय असतो, इतिहासाच्या वर्गात युद्ध असतं तसा. युद्धाचा इतिहास शिकवणारे सर कुणाच्या हातात तलवार देत नाहीत.

कायद्यानेही हा फरक मानलेला आहे. 1963 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांमधलं बायबलचं भक्तिपर वाचन घटनाबाह्य ठरवलं, आणि त्याच निकालात म्हटलं की धर्मांचा इतिहास किंवा तौलनिक अभ्यास शिकवायला मात्र आडकाठी नाही. त्यानंतरच्या वर्षांत तिथल्या बऱ्याच सरकारी विद्यापीठांत या विषयाचे विभाग निघाले. भारतीय संविधानाच्या 28व्या कलमानुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. पण 2002 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की धर्मांविषयी अभ्यास करणं या मनाईत येत नाही. दोन वेगळे देश, दोन वेगळ्या राज्यघटना, आणि रेघ जवळपास एकाच जागी ओढलेली.

थिऑलॉजी म्हणजे हेच का?

नाही, पण शेजारी आहेत. थिऑलॉजी परंपरेच्या आत उभी राहून विचार करते: आमची श्रद्धा अशी आहे, तर मग तिचा अर्थ काय, तिच्यातून पुढे काय निघतं? आम्ही विचारतो की ही श्रद्धा कुणाची, कधीची, ती माणसांकडून काय करवून घेते. कुंपण फार उंच नाही. अमेरिकेतल्या धर्म-अभ्यासकांची आजची सर्वात मोठी संघटना 1909 मध्ये सुरू झाली तेव्हा ती बायबल शिकवणाऱ्या प्राध्यापकांची संघटना होती. आजचं नाव घेतलं ते 1960च्या दशकात. इंग्लंडात धर्म-अभ्यासक निनियन स्मार्ट यांनी 1967 मध्ये लँकेस्टर विद्यापीठात स्वतंत्र विभाग उभारला. थोडक्यात, विषयाची मुळं जुनी असली तरी आजच्या रूपात तो तसा तरुणच आहे, आणि आपण थिऑलॉजी नाही हे सांगण्यात त्याची बरीच शक्ती गेली आहे.

मी श्रद्धाळू आहे. हा विषय घेतला तर माझी श्रद्धा जाईल का?

हा प्रश्न विचारताना मुलांचा आवाज जरा खाली येतो, म्हणून सविस्तर लिहिते.

प्रामाणिक उत्तर असं की मला माहीत नाही, आणि ते ठरवणं माझं काम नाही. माझ्या वर्गातून काही जण अधिक श्रद्धाळू होऊन गेले, काहींची श्रद्धा सैल झाली, बहुतेकांची होती तिथेच राहिली, फक्त तिच्याविषयी बोलताना ते आता आधी दोन क्षण थांबतात. वर्गात मी एकच गोष्ट मागते: समजून घेणं आणि मान्य करणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत, त्यांची गल्लत करायची नाही. एखाद्या पंथाचे लोक जगाचा अंत जवळ आलाय असं का मानत होते, हे त्यांच्या बाजूने नीट मांडता आलं म्हणजे तुम्ही त्या पंथात गेलात असं होत नाही. आणि तुमच्याच परंपरेतल्या एखाद्या कथेचा उगम कुठला हे कळलं म्हणजे ती कथा तुमच्यापासून हिरावली असंही होत नाही.

धक्के मात्र बसतात, ते लपवण्यात अर्थ नाही. साधं उदाहरण घ्या. व्यासांनी महाभारत सांगितलं आणि गणपतीने ते लिहून घेतलं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. भांडारकर संस्थेने 1919 ते 1966 या काळात बाराशेहून अधिक हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली. तिच्या मूळ संहितेत हा प्रसंग नाही, परिशिष्टात आहे. सगळ्या प्रदेशांच्या हस्तलिखितांत तो सापडत नाही, म्हणून संपादकांनी तो नंतरची भर मानला. हे सांगितलं की वर्गात कुणीतरी विचारतंच: म्हणजे ते खोटं? तासाची खरी सुरुवात या प्रश्नापासून होते. खोटं म्हणजे काय? ती भर घालणाऱ्या माणसाला ती का घालावीशी वाटली? ऐकून-सांगून पुढे जाणाऱ्या ग्रंथाला एकाएकी लेखनिकाची गरज का भासली? परिशिष्टात गेलेल्या त्या श्लोकांवर, मूळ संहितेतल्या कित्येक पानांवर होत नाही एवढी चर्चा आमच्याकडे होते.

मी नास्तिक आहे. माझा इथे काय उपयोग?

तुमच्यासाठीही नियम तोच. "लोक भोळे असतात" हे उत्तर इथे चालत नाही. चूक-बरोबर बाजूला ठेवलं तरी, त्या उत्तराने काहीच उलगडत नाही.

लिबरल आर्ट्समध्ये हा विषय कुठे बसतो?

गंमत अशी की मुळात तो बसतच नव्हता. मध्ययुगीन युरोपातल्या सात 'आर्ट्स' म्हणजे व्याकरण, तर्क, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोलशास्त्र. थिऑलॉजी ही कायदा आणि वैद्यक यांच्यासारखी वरच्या पायरीवरची विद्या. आधी आर्ट्स पुरे करायचे, मग तिकडे जायचं. आज जो धर्म-अभ्यास लिबरल आर्ट्समध्ये शिकवला जातो तो त्या वरच्या पायरीवरून खाली आलेला नाही. तो बाजूच्या दारांनी आत आला. भाषाशास्त्रातून, मानववंशशास्त्रातून, समाजशास्त्रातून, मानसशास्त्रातून. संस्कृतचे पंडित माक्स म्युलर यांनी 1870 मध्ये लंडनमध्ये धर्मांच्या 'शास्त्रा'वर व्याख्यानं दिली. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी 1901-02 मध्ये एडिंबरामध्ये वैयक्तिक धार्मिक अनुभवांवर दिली. समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी 1912 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या धर्मावर मोठा ग्रंथ लिहिला. (दुर्खीम स्वतः ऑस्ट्रेलियात कधी गेले नाहीत. विद्यार्थ्यांना ही माहिती फार आवडते, विशेषतः ज्यांना फील्डवर्कचा कंटाळा आहे त्यांना.)

त्यामुळे या विषयाला स्वतःची अशी एकच पद्धत नाही. सोमवारी तुम्ही हस्तलिखितातल्या पाठभेदांवर बोलता, गुरुवारी एखाद्या न्यायालयीन निकालावर. ज्यांना एकच चाकोरी हवी त्यांना हे अंगावर येतं. ज्यांना कुठला विषय घ्यावा ते ठरवता येत नाही, ते इथे रमतात.

पहिल्या सेमिस्टरला वर्गात प्रत्यक्ष काय चालतं?

एक तास दाखवते. बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या ग्रंथातले पहिले दोन अध्याय मी छापून वाटते आणि फळ्यावर दोन रकाने आखते. सूचना एकच: कुठल्या क्रमाने काय निर्माण झालं तेवढं लिहा. पहिल्या रकान्यात प्रकाश, आकाश, जमीन, वनस्पती, सूर्य-चंद्र, मासे, पक्षी, जनावरं, आणि सर्वात शेवटी माणूस. पुरुष आणि स्त्री एकदमच. दुसऱ्या रकान्यात पुरुष आधी येतो, मग बाग, मग जनावरं, आणि शेवटी त्याच्या बरगडीपासून स्त्री. वीसेक मिनिटांनी कुणीतरी म्हणतं, "मॅम, हे जुळत नाहीये." मग आणखी एक गोष्ट बघायला सांगते: दोन्हीकडे देवाला काय म्हटलंय? हिब्रूत पहिल्या कथेत देवाला 'एलोहीम' म्हटलंय, दुसरीत त्याच्या आधी 'यहोवा' हे नावही येतं.

इथवर आल्यावर तीन वाटा फुटतात. अभ्यासक म्हणतात, या दोन वेगळ्या परंपरांमधल्या कथा असाव्यात, कुणीतरी त्या शेजारी ठेवल्या. परंपरेतले भाष्यकार म्हणतात, एकच घटना आधी दुरून आणि मग जवळून सांगितली आहे. तिसरा प्रश्न मला सर्वात आवडतो: ज्याने त्या शेजारी ठेवल्या त्याला विसंगती दिसली नसेल का? दिसली असणारच. मग त्याने ती पुसली का नाही? या प्रश्नाचं उत्तर मी देत नाही. ज्यांना उत्तर लिहून घ्यायची सवय आहे ती मुलं त्या दिवशी जरा नाराज होऊन बाहेर पडतात.

धर्माची व्याख्या काय? परीक्षेला येते का?

येते, पण तुम्हाला वाटते तशी नाही.

मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड टायलर यांनी 1871 मध्ये लिहिलं की धर्म म्हणजे अदृश्य आत्मिक शक्तींवरचा विश्वास. सुटसुटीत आहे. पण दुर्खीम यांनी बौद्ध धर्माकडे बोट दाखवलं: तिथे देवांवाचून अडत नाही, मग तो धर्म नाही का? त्यांनी स्वतः पवित्र आणि लौकिक अशी विभागणी केली, आणि पवित्र गोष्टींविषयीच्या ज्या श्रद्धा आणि आचार माणसांना एका समुदायात बांधतात ते धर्मात धरले. आता ही व्याख्या घेऊन फुटबॉलच्या स्टेडियमवर जा. झेंडा आहे, गाणी आहेत, ठराविक रंगाचे कपडे आहेत, हरल्यावर रडणारी माणसं आहेत. हा धर्म का? दर वर्षी वर्गाचे दोन तट पडतात.

मराठीतून विचार करणाऱ्याला इथे एक फायदा आहे. आपला 'धर्म' हा शब्द 'रिलिजन'च्या मापाचा नाहीच. शेजारधर्म, राजधर्म, धर्मसंकट, धर्मशाळा. वाहणं हा पाण्याचा धर्म. यातल्या एकाही ठिकाणी 'रिलिजन' घालून बघा, वाक्य मोडतं. जपानीतही तसंच. आज तिथे 'रिलिजन'साठी वापरला जाणारा 'शूक्यो' हा शब्द त्या अर्थाने रूढ झाला तो 19व्या शतकात, पाश्चात्त्य देशांशी करार करताना हा शब्द कशाने भाषांतरित करायचा असा पेच पडल्यावर. धर्म-अभ्यासक विल्फ्रेड कँटवेल स्मिथ यांनी 1962 मध्ये तर 'रिलिजन' हा शब्दच अभ्यासातून काढून टाकावा असं सुचवलं होतं. विषयाच्या नावावरच एवढा वाद असलेलं दुसरं खातं तुम्हाला कॉलेजात सहज सापडणार नाही.

परीक्षेत मी एखादी व्याख्या देते आणि ती कुठे तुटते ते दाखवायला सांगते.

मला फक्त माझ्याच धर्माचा अभ्यास करायचा आहे. चालेल?

पुढे जाऊन चालेल, सुरुवातीला नाही. भाषेबद्दल जर्मन कवी गटे म्हणाले होते की ज्याला एकच येते त्याला एकही येत नाही. माक्स म्युलर यांनी तेच धर्माला लावलं. दुसरं काही पाहिल्याशिवाय आपल्यातलं काय खास आणि काय सर्वसाधारण हे कळत नाही. उलटा धोकाही आहे: सहा धर्म प्रत्येकी दोन आठवड्यांत उरकायचे आणि शेवटी "सगळे धर्म एकच सांगतात" असं लिहून मोकळं व्हायचं. या वाक्यावर मी लाल शाईने "कुठे?" एवढंच लिहिते.

भाषा शिकावी लागते का?

पदवीपुरतं भाषांतरावर भागतं. पुढे जायचं असेल तर संस्कृत, पाली, अरबी, हिब्रू, ग्रीक, अभिजात तिबेटी यांपैकी एक तरी लागतेच, आणि लवकर सुरू केलेली बरी.

का, ते एका शब्दावरून कळेल. यशया या हिब्रू ग्रंथाच्या सातव्या अध्यायात एक 'अल्मा' गर्भवती होऊन मुलाला जन्म देईल असं वाक्य आहे. 'अल्मा' म्हणजे तरुण स्त्री. ख्रिस्तपूर्व काळातल्या ग्रीक भाषांतरात तिथे 'पार्थेनोस' आलं, म्हणजे कुमारी. मत्तयच्या शुभवर्तमानात येशूच्या जन्माच्या संदर्भात हे वाक्य येतं ते ग्रीक रूपात. त्या एका शब्दावर यहुदी आणि ख्रिस्ती विद्वानांचा वाद शतकानुशतकं चालला. मूळ येत नसेल तर निदान दोन भाषांतरं शेजारी ठेवून वाचा; ती जिथे वेगळी होतात तिथे काहीतरी दडलेलं असतं.

वर्गात भांडणं होत नाहीत का?

वाद होतात. आमच्याकडे बोलण्याचा एक नियम आहे: "हा धर्म असं सांगतो" असं वाक्य सुरू करायचं नाही. धर्म बोलत नाही, माणसं बोलतात. कोण, कुठे, कधी हे जोडा. ऐकायला हा व्याकरणाचा नियम वाटतो, पण निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

हा नियम माझ्याच फजितीतून आला. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका परंपरेतल्या शोकविधींवर पुस्तकातलं छान आखीव वर्णन करत होते. मागच्या बाकावरचा एक मुलगा शांतपणे म्हणाला, "मॅम, आमच्या घरी आजोबा गेले तेव्हा यातलं काहीच झालं नाही." मी म्हणाले, मग तो अपवाद असेल. तो म्हणाला, "मॅम, आमच्या गावात कुणाकडेच होत नाही." मला पुढचं वाक्य सुचलं नाही. घरी जाऊन ते प्रकरण पुन्हा वाचलं तर सगळा आधार जुन्या ग्रंथांचा होता, जिवंत माणसाला कुणी विचारल्याची खूण नव्हती. पुढच्या तासाला मी त्या मुलाला वीस मिनिटं दिली.

पण दुसरी बाजूही आहे. कँटवेल स्मिथ म्हणत की एखाद्या धर्माविषयीचं विधान त्याच्या अनुयायांना पटणारं हवं. अमेरिकन धर्म-अभ्यासक ब्रूस लिंकन यांनी 1996 मध्ये जवळपास उलट भूमिका घेतली: अनुयायी स्वतःबद्दल जे सांगतात तो अभ्यासकासाठी शेवटचा शब्द नाही, कुणाच्या फायद्याचं, कुणाच्या वतीने बोललं जातंय हे विचारायलाच हवं. मला दोघंही पटतात. कोण कधी पटतं ते समोर कोण बसलंय त्यावर ठरतं, आणि हे काही फारसं शास्त्रीय उत्तर नाही हे मला ठाऊक आहे.

धर्मस्थळांना भेट द्यावी लागते का?

एकदा तरी, आणि शक्यतो आपल्या नसलेल्या. विधीत भाग घेण्याची सक्ती कधीच नसते. मागे बसून बघितलं तरी पुरतं. आधी परवानगी घ्यायची, फोटो काढायचे नाहीत.

अवघड जातं ते टिपण. एका विद्यार्थिनीने लिहिलं होतं: "लोक भक्तिभावाने डोळे मिटून बसले होते." मी विचारलं, यातलं तुला काय दिसलं? थोड्या वेळाने ती म्हणाली, "मिटलेले डोळे." भक्तिभाव तिने स्वतःच्या घरून आणला होता. दुसऱ्या खेपेच्या टिपणात होतं की दोन बायका कुजबुजत होत्या, एका माणसाने तीनदा घड्याळ बघितलं, आणि दिवे मंद झाल्यावर घड्याळवाला माणूसच सगळ्यात आधी उभा राहिला. त्या टिपणावर आम्ही तासभर बोललो.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याने हा विषय का घ्यावा?

धर्म आणि विज्ञान यांचं सनातन युद्ध आहे असं वाटत असेल तर त्यासाठीच. गॅलिलिओवरचा 1633चा खटला खरा आहे. पण वाटाण्यांवर प्रयोग करून आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल मठात राहणारा होता, आणि विश्व प्रसरण पावतंय हे 1927 मध्ये मांडणारे लमेत्र कॅथलिक धर्मगुरू होते. 'युद्धा'ची कहाणी 19व्या शतकाच्या उत्तरार्धात दोन-तीन गाजलेल्या पुस्तकांनी पक्की केली. कहाण्या पक्क्या कशा होतात हा आमचा आवडता विषय.

नोकरी मिळेल का?

पालकांसाठी सरळ उत्तर: "धर्म-अभ्यासक पाहिजे" अशी जाहिरात बघून अर्ज करायचा असेल तर फार जागा नाहीत. प्राध्यापकी आहे, तिला पीएचडी लागते, आणि तिथली स्पर्धा जीवघेणी आहे. कुणी तुम्हाला याहून गोड सांगत असेल तर सावध राहा.

पण पदवी एका विषयाची असली तरी नोकरी बहुधा दुसऱ्याच कामाची असते. पत्रकारिता, कायदा, समाजकार्य, संग्रहालयं, परराष्ट्र सेवा, शिक्षण इकडे आमचे विद्यार्थी जातात. वैद्यकाकडे जाणारेही असतात, आणि त्यांच्याबद्दल लोकांना नवल वाटतं. समजा, अपघातात सापडलेला यहोवाज विटनेस पंथाचा रुग्ण रक्त घ्यायला नकार देतोय. तो नकार वेडेपणा नाही, बायबलमधल्या रक्तासंबंधीच्या वचनांचा त्यांनी लावलेला अर्थ आहे. डॉक्टरांनी सहमत व्हावं असं कुणी म्हणत नाही. पण त्या खाटेशेजारी उभं राहून काय बोलायचं आणि रक्ताचे कोणते घटक त्याला वैयक्तिकरीत्या चालतील हे कसं विचारायचं, यासाठी आधी कुठेतरी सराव झालेला असावा लागतो.

मेजर घ्यावा की मायनर?

मेजर म्हणजे पदवीचा मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडीचा. खात्री नसेल तर मायनर. अर्थशास्त्र, साहित्य, जीवशास्त्र, कशाच्याही जोडीला चालतो. बरेच जण मायनर म्हणून येतात आणि तिसऱ्या सेमिस्टरला फॉर्म बदलायला ऑफिसात रांगेत उभे असतात.

गुण कशावर मिळतात? आपल्याच धर्मावर लिहिलं तर फायदा होतो का?

निबंध, टिपण, तोंडी चर्चा. फायदा होत नाही; उलट आपल्या धर्मावर लिहिणारे पुरावा द्यायला विसरतात, कारण त्यांना ते "माहीतच असतं".

तासाची सुरुवात प्रार्थनेने होते का?

नाही. हजेरीने होते.